शालान्त अर्हता व विद्यार्थी आरोग्यसेवा, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत माध्यमिक शाळेची पदविका मिळविण्यासाठी विद्यार्थ्याने पूर्ण करावयाच्या शैक्षणिक अटींना शालान्त अर्हता म्हणतात. शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या आरोग्याची तपासणी, रोगप्रतिबंध, प्रथमोपचार, आरोग्यशिक्षण व आजारी विद्यार्थ्यांची विशेष व्यवस्था यांचा समावेश विद्यार्थी आरोग्यसेवेत होतो. वरवर पाहता या दोन बाबी भिन्न वाटतात; परंतु तेथील पदविका मुख्यत्वे वर्गातील उपस्थिती व अध्ययनकाल यांवर आधारलेली असल्याने, आजारपणामुळे शाळा चुकलेल्या विद्यार्थ्याची पदविकाही धोक्यात येते. त्यामुळे या दोन व्यवस्थांचा विकास परस्परांशी निगडित राहिला आहे.

अमेरिकेच्या संविधानात शिक्षणाचा उल्लेख नाही. दहाव्या घटनादुरुस्तीनुसार हा विषय घटक राज्यांकडे राहतो. राज्याचे विधिमंडळ वा शिक्षण मंडळ किमान अर्हता ठरविते आणि स्थानिक शाळा-जिल्हे तीत भर घालू शकतात. त्यामुळे संपूर्ण देशासाठी एकच शालान्त परीक्षा वा एकच अभ्यासक्रम नाही. माध्यमिक शाळेत सामान्यतः नववी ते बारावी हे चार वर्ग असतात.

अर्हतेचा विकास : पहिली सार्वजनिक माध्यमिक शाळा बॉस्टन येथे १८२१ मध्ये निघाली. अशा शाळांसाठी कर बसविण्याचा अधिकार मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७४ मध्ये कॅलमझू येथील खटल्यात मान्य केला व त्यानंतर त्यांचा प्रसार वेगाने झाला. तथापि शाळाशाळांच्या अभ्यासक्रमांत एकवाक्यता नव्हती व विद्यापीठांना प्रवेशेच्छूंची तुलना करणे अवघड जाई. या प्रश्नाच्या विचारासाठी १८९२ मध्ये हार्व्हर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षतेखाली दहा सदस्यांची समिती नेमण्यात आली. पुढे १९०६ पासून कार्नेगी प्रतिष्ठानाच्या प्रयत्नांतून ‘कार्नेगी एकक’ रूढ झाले. एका विषयाचे वर्षभरातील सु. १२० तासांचे अध्यापन म्हणजे एक एकक. विद्यार्थ्याने आवश्यक तेवढी एकके (श्रेयांक) मिळविली, की तो पदविकेस पात्र ठरतो. या पद्धतीत काय शिकले याबरोबरच किती काळ शिकले यालाही महत्त्व प्राप्त झाले.

माध्यमिक शिक्षणाच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या आयोगाने १९१८ मध्ये शिक्षणाची सात प्रमुख उद्दिष्टे सांगितली. त्यांत आरोग्याला पहिले स्थान होते. मूलभूत कौशल्ये, कुटुंबातील सुयोग्य वर्तन, व्यवसाय, नागरिकत्व, फुरसतीचा सदुपयोग व नीतिमत्ता ही अन्य सहा उद्दिष्टे होत. आरोग्य व शारीरिक शिक्षण हे विषय अनेक राज्यांच्या अर्हतेत समाविष्ट होण्यामागे ही विचारसरणी होती.

सोव्हिएट रशियाने १९५७ मध्ये कृत्रिम उपग्रह सोडल्यानंतर विज्ञान व गणित यांवर भर देण्यात आला. १९८३ मध्ये राष्ट्रीय आयोगाच्या ‘ए नेशन ॲट रिस्क’ या अहवालाने इंग्रजीची चार वर्षे, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे यांची प्रत्येकी तीन वर्षे आणि संगणकशास्त्राचे अर्धे वर्ष अशी शिफारस केली. त्यानंतर बहुतेक राज्यांनी आपली अर्हता वाढविली. उदा., न्यूयॉर्क राज्यात पदविकेसाठी २२ श्रेयांक लागतात. त्यांत इंग्रजी व सामाजिक शास्त्रे यांचे प्रत्येकी चार, गणित व विज्ञान यांचे प्रत्येकी तीन, शारीरिक शिक्षणाचे दोन व आरोग्यशिक्षणाचा अर्धा श्रेयांक असतो. कॅलिफोर्नियाच्या किमान अर्हतेत शारीरिक शिक्षणाचे दोन वर्षांचे पाठ्यक्रम आहेत.

१९७० नंतरच्या दशकात किमान क्षमतेच्या परीक्षा सुरू झाल्या व त्या उत्तीर्ण झाल्याविना पदविका न देण्याचे धोरण काही राज्यांनी स्वीकारले. फ्लॉरिडातील अशा परीक्षेविरुद्धच्या खटल्यात संघीय अपील न्यायालयाने १९८१ मध्ये महत्त्वाचे तत्त्व घालून दिले : जे प्रत्यक्ष शिकविले गेले नाही, त्याच्या परीक्षेवरून पदविका नाकारता येणार नाही. पुढे या परीक्षांचा प्रभाव ओसरला. कॅलिफोर्नियाने आपली निर्गम परीक्षा २०१५ मध्ये स्थगित केली, तर मॅसॅचूसेट्सच्या मतदारांनी राज्यपरीक्षा उत्तीर्ण होण्याची अट नोव्हेंबर २०२४ च्या सार्वमताने रद्द केली.

आरोग्यसेवेचा उगम : शालेय आरोग्यसेवेचा प्रारंभ संसर्गजन्य रोगांच्या भीतीतून झाला. घटसर्पाच्या साथीनंतर बॉस्टनमध्ये १८९४ साली ५० वैद्य शाळांच्या तपासणीसाठी नेमण्यात आले. न्यूयॉर्क शहराने १८९७ मध्ये त्याचे अनुकरण केले. खरूज, नायटा, उवा, खुपरी यांसारखे विकार आढळलेल्या मुलांना वैद्य घरी पाठवीत. परंतु घरी उपचार करणारे कोणी नसे. पालक बहुधा गरीब व नवागत स्थलांतरित असत आणि मुलाच्या हाती दिलेली चिठ्ठी त्यांना वाचताही येत नसे. परिणामी हजारो मुले शाळेबाहेर राहिली व ती रस्त्यावर निरोगी मुलांतच मिसळत असल्याने रोगप्रसारही थांबला नाही.

हेन्री स्ट्रीट येथील सेवासंस्थेच्या संस्थापिका लिलियन वॉल्ड यांनी यावर शालेय परिचारिकेचा उपाय सुचविला. ऑक्टोबर १९०२ मध्ये लीना रॉजर्स या परिचारिकेला महिनाभराच्या प्रयोगासाठी चार शाळांत नेमण्यात आले. किरकोळ विकारांवर ती शाळेतच उपचार करी व सायंकाळी घरोघरी जाऊन मातांना काळजी कशी घ्यावी ते समजावून देई. प्रयोग यशस्वी होऊन शहराने आणखी परिचारिका नेमल्या. वर्षभरात आजारामुळे शाळेबाहेर ठेवलेल्या मुलांची मासिक संख्या सु. दहा हजारांवरून सु. अकराशेवर आली. मुलाला शाळेबाहेर काढणे हा वैद्यकीय तपासणीचा हेतू नसून त्याला शाळेत टिकविणे हा होय, हे या प्रयोगाने सिद्ध केले. आजच्या शालेय आरोग्यसेवेचा हाच पाया आहे.

लसीकरणाची अट : शाळाप्रवेशासाठी देवीची लस टोचून घेण्याची अट बॉस्टनने १८२७ मध्ये घातली व मॅसॅचूसेट्सने १८५५ मध्ये राज्यव्यापी कायदा केला. प्रौढांवरील लससक्ती सर्वोच्च न्यायालयाने जेकबसन खटल्यात (१९०५) वैध ठरविली. टेक्ससमधील सॅन अँटोनिओ येथे लस न घेतलेल्या विद्यार्थिनीला शाळेत प्रवेश नाकारण्यात आला, तेव्हा शाळाप्रवेशाची अशी अटही त्याच न्यायालयाने १९२२ मध्ये मान्य केली. १९८० पर्यंत सर्व ५० राज्यांत असे कायदे झाले. वैद्यकीय कारणास्तव सर्वत्र सूट मिळते. धार्मिक वा वैयक्तिक श्रद्धेवर आधारित सुटीबाबत मात्र राज्याराज्यांत मतभेद आहेत. गोवराच्या उद्रेकांनंतर कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये वैयक्तिक श्रद्धेची व न्यूयॉर्कने २०१९ मध्ये धार्मिक श्रद्धेची सूट रद्द केली. समाजाचे संरक्षण व एका मुलाचा शिक्षणाचा हक्क यांतील हा संघर्ष अद्याप संपलेला नाही. बेघर मुलांच्या बाबतीत संघीय कायद्याने मार्ग काढला आहे. लसीकरणाचे कागदपत्र जवळ नसले, तरी त्यांना तत्काळ प्रवेश द्यावा लागतो व कागदपत्रे मागाहून मिळविली जातात.

सेवेचे स्वरूप : शालेय परिचारिका ही या सेवेचा कणा होय. दृष्टी व श्रवण यांची तपासणी, औषधे देणे, अपघातप्रसंगी प्रथमोपचार, दमा, मधुमेह, अपस्मार असे दीर्घकालीन विकार असलेल्या विद्यार्थ्यांसाठी काळजीयोजना आखणे, लसीकरणाच्या नोंदी ठेवणे व गैरहजेरीच्या कारणांचा शोध घेणे ही तिची कामे होत. प्रत्येक शाळेत किमान एक पूर्णवेळ परिचारिका असावी, अशी शिफारस अमेरिकन बालरोगतज्ञ अकादमीने २०१६ मध्ये केली. तथापि अनेक ठिकाणी एकाच परिचारिकेकडे दोन वा अधिक शाळा सोपविलेल्या असतात. शाळेने ठेवलेल्या आरोग्यनोंदी सामान्यतः १९७४ च्या शैक्षणिक गोपनीयता अधिनियमाच्या कक्षेत येतात.

शाळेच्या आवारातच वैद्यकीय केंद्र चालविण्याची कल्पना केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथे १९६७ मध्ये प्रत्यक्षात आली. माध्यमिक शाळांत अशी केंद्रे डॅलस येथे १९७० मध्ये व सेंट पॉल (मिनेसोटा) येथे १९७३ मध्ये सुरू झाली. ती बहुधा रुग्णालय, आरोग्य विभाग वा सामाजिक चिकित्सालय यांच्या साहाय्याने चालतात. दंतचिकित्सा व मानसोपचारही अनेक केंद्रांत उपलब्ध असतात. विद्यार्थ्याला उपचारासाठी संपूर्ण दिवस गमवावा लागत नाही व पालकालाही रजा घ्यावी लागत नाही, हा त्यांचा मुख्य लाभ होय. पौगंडावस्थेतील मुलांना पालकांच्या संमतीविना कोणत्या सेवा द्याव्यात, हा प्रश्न मात्र वादग्रस्त राहिला आहे. याविषयीचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत.

आजारी व अपंग विद्यार्थ्यांचे हक्क : १९७३ च्या पुनर्वसन अधिनियमातील कलम ५०४ व १९७५ चा अपंग बालकांच्या शिक्षणाचा अधिनियम यांनी या क्षेत्रात मूलगामी बदल घडविला. त्यांनुसार अपंग मुलांना त्यांच्या गरजांशी सुसंगत असे सार्वजनिक शिक्षण विनामूल्य देणे शाळेवर बंधनकारक झाले. यासाठी कोणती आरोग्यसेवा शाळेने पुरवावी, हे दोन खटल्यांतून स्पष्ट झाले. जन्मजात पृष्ठवंशविकारामुळे ठराविक वेळाने नळीद्वारे मूत्राशय रिकामे करावे लागणाऱ्या मुलीला ती मदत शाळेने द्यावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये दिला. १९९९ मध्ये कृत्रिम श्वसनयंत्रावर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत, शाळेच्या वेळेत सतत परिचर्या पुरविण्याची जबाबदारीही त्याने शाळा-जिल्ह्यावरच टाकली. जी सेवा देण्यास वैद्याचीच आवश्यकता असते तीच वगळता येईल. परिचारिका देऊ शकते ती सेवा केवळ खर्चिक आहे म्हणून नाकारता येणार नाही, असे सूत्र यातून निघाले.

१९७२ च्या शिक्षणविषयक दुरुस्ती कायद्यातील ‘टायटल नाइन’ या तरतुदीखाली गर्भवती विद्यार्थिनीला शाळेतून काढता येत नाही. दीर्घकाळ आजारी असलेल्यांसाठी घरी किंवा रुग्णालयात अध्यापनाची सोय केली जाते व त्याचे श्रेयांक धरले जातात. शारीरिक शिक्षणाबाबत दोन पद्धती दिसून येतात. कॅलिफोर्नियात आजारी वा जखमी विद्यार्थ्यासाठी कार्यक्रमात योग्य फेरबदल शक्य नसल्यास त्याला सूट देता येते; न्यूयॉर्कमध्ये सूट न देता विद्यार्थ्याच्या क्षमतेनुरूप कार्यक्रम आखला जातो. पहिल्या पद्धतीत अडचण दूर होते. दुसरीत आजारी मुलालाही शरीरस्वास्थ्याच्या शिक्षणाचा हक्क आहे, हे मान्य केले जाते.

मूल्यमापन : २०२० मधील कोव्हिड-१९ च्या साथीने दोन्ही व्यवस्थांचा परस्परसंबंध ठळकपणे पुढे आणला. शाळा बंद झाल्याने वर्गातील उपस्थितीचा हिशेब निरर्थक ठरला. न्यूयॉर्कने त्या वर्षीच्या जूनमधील राज्यपरीक्षा रद्द केल्या आणि अनेक राज्यांनी आपल्या अटी शिथिल केल्या. त्यामुळे बसलेल्या तासांऐवजी संपादित ज्ञानावर श्रेयांक द्यावेत, या जुन्या मागणीला बळ मिळाले. तथापि अशा बदलाने आरोग्यसेवेची गरज कमी होत नाही. दृष्टिदोष न ओळखल्यामुळे फळा न दिसणारे मूल वर्गात उपस्थित असूनही शिक्षणाला मुकते.

भारतातही शालेय आरोग्यतपासणीचा आरंभ जुना आहे. सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू करणाऱ्या सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात ती १९०९ मध्ये सुरू झाली. भोर समितीने (१९४६) या सेवेची उणीव दाखविली, १९६० मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र समिती नेमण्यात आली व २०१३ पासून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाखाली १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी केली जाते. येथील शालान्त प्रमाणपत्र प्रामुख्याने अंतिम परीक्षेवर अवलंबून असल्याने आजारपणाचा फटका वेगळ्या रीतीने बसतो : अमेरिकेत तो वर्षभराच्या गैरहजेरीतून जाणवतो, तर येथे परीक्षेच्या काही दिवसांतील आजारही निर्णायक ठरू शकतो. प्रमाणपत्राची अट कोणतीही असो, ती पूर्ण करण्याची शारीरिक व मानसिक क्षमता मुलाला लाभावी याची जबाबदारी अट घालणाऱ्या व्यवस्थेवरही येते, हा बोध दोन्हीकडच्या अनुभवांतून मिळतो.