कुंपणबंद शिकार आणि वन्यप्राण्यांची मालकी : माँटाना व नॉर्थ डकोटा येथील बंदीचा वाद

प्रस्तावना :

शिकारबंदीचा प्रश्न निघाला की एका बाजूस शिकारी आणि दुसऱ्या बाजूस प्राणिमित्र असे चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे उभे राहते. अमेरिकेतील माँटाना राज्याच्या मतदारांनी नोव्हेंबर २००० मध्ये जी बंदी स्वीकारली, तिला हे चित्र लागू पडत नाही. खाजगी जमिनीवर कुंपणात ठेवलेल्या एल्कची पैसे घेऊन शिकार करू देणे बेकायदेशीर ठरवावे, हा आग्रह तेथे प्राणिमित्रांपेक्षाही हाडाच्या शिकाऱ्यांनी धरला होता. या विसंगतीचा उलगडा भूतदयेच्या अंगाने पुरेसा होत नाही; वन्यप्राणी कोणाच्या मालकीचा, या प्रश्नापाशी तो होतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानंतर असा व्यवसाय उभा राहण्यास वावच उरला नाही. त्यामुळे या वादाची परिभाषा मराठी अभ्यासकांस काहीशी अपरिचित आहे.

संकल्पना व कायदेशीर पार्श्वभूमी :

एल्क हा हरणांच्या कुळातील, सांबराहूनही मोठा प्राणी होय. अमेरिकन विधिपरंपरेनुसार मुक्त संचार करणारा एल्क कोणाही व्यक्तीच्या मालकीचा नसतो. राज्यसंस्था जनतेची विश्वस्त या नात्याने त्याची जपणूक करते. ज्याच्या शेतात तो चरतो त्या शेतकऱ्याची जमीन असते, एल्क नसतो. शिकारीचा हंगाम, परवाना आणि प्रत्येकी किती प्राणी मारावेत याची मर्यादा राज्य ठरवते, आणि हे नियम श्रीमंत-गरीब सर्वांस सारखेच लागू असतात. मात्र उंच तारेच्या कुंपणाआड पैदास केलेला एल्क माँटानाच्या कायद्यात ‘पर्यायी पशुधन’ या वर्गात मोडतो. म्हणजे गाय-मेंढीप्रमाणे तो मालकाची मत्ता ठरतो. असा नर ग्राहकास दाखवून, बहुधा शिंगांच्या आकारमानानुसार किंमत ठरवून, कुंपणातच मारू दिला जाई. एकाच जातीचा प्राणी तारेच्या अलीकडे खाजगी पशुधन आणि पलीकडे सार्वजनिक ठेवा, अशी ही स्थिती होती.

शिकाऱ्यांचा आक्षेप नेमका येथे होता. थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने ‘फेअर चेस’चे, म्हणजे न्याय्य पाठलागाचे, तत्त्व रुजविले. सावजास निसटण्याची खरीखुरी संधी असली पाहिजे, असा त्याचा आशय आहे. निसटता न येणाऱ्या कुंपणात मारलेल्या प्राण्याची नोंद हा क्लब आपल्या विक्रमवहीत घेत नाही. या भूमिकेत थोडा आत्मगौरव आहे हे मान्य करावे लागेल. तरीही तिच्यामागची भीती निराधार नव्हती. पैसे मोजून शिंगे हमखास मिळू लागली, तर वन्यप्राणी सर्वांचा ही कल्पनाच हळूहळू पोकळ होईल, अशी ती भीती होती.

रोगाचा प्रश्न आणि दोन कौल :

केवळ तत्त्वाच्या बळावर बहुमत मिळाले असते की नाही, हे सांगणे कठीण आहे. १९९९ मध्ये माँटानातील एका एल्कपालन केंद्रात ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ आढळला. प्रिऑन नावाच्या विकृत प्रथिनामुळे होणारा हा रोग हरणवर्गीय प्राण्यांच्या मेंदूचा नाश करतो. प्राणी झिजत जाऊन मरतो. रोगावर उपाय नाही, आणि संसर्गकारक घटक मातीतही दीर्घकाळ टिकतो. पुढील वर्षी ‘आय-१४३’ हा प्रस्ताव उपक्रमाधिकाराद्वारे मतदारांपुढे आला आणि थोड्या मताधिक्याने संमत झाला. त्यानुसार नव्या केंद्रांना परवाने देणे, असलेले परवाने हस्तांतरित करणे आणि शुल्क घेऊन शिकार करू देणे, या तिन्ही गोष्टी बंद झाल्या.

एल्क पाळण्यास बंदी नव्हती, ही बाब महत्त्वाची आहे. मांस आणि कोवळी मखमली शिंगे विकता येत होती. परंतु पूर्ण वाढलेल्या नराची खरी किंमत शिकाऱ्याकडूनच मिळे, आणि परवाना विकता येत नसल्याने चालू धंदा दुसऱ्याच्या हाती सोपविण्याची वाटही बुजली. राज्याच्याच परवानगीने कुंपणे उभारून भांडवल गुंतविलेल्या कुटुंबांना हा विश्वासघात वाटला, तर त्यात नवल नाही. नुकसानभरपाईची त्यांची मागणी माँटानाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये अमान्य केली. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय समर्थनीय असेल. मात्र सार्वजनिक ठेव्याच्या रक्षणाचा भार एवढ्या थोड्या लोकांवर टाकणे कितपत न्याय्य, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

शेजारच्या नॉर्थ डकोटात याच स्वरूपाचा प्रस्ताव नोव्हेंबर २०१० मध्ये मतदानास आला आणि फेटाळला गेला. तेथेही पुढाकार शिकाऱ्यांचाच होता. परंतु एका राष्ट्रीय प्राणिकल्याण संघटनेचा पाठिंबा मिळताच विरोधकांनी चर्चेचा रोख बदलला. आज कुंपणातील एल्क, उद्या गोठ्यातील गाय, हा त्यांचा युक्तिवाद शेतीप्रधान राज्यात प्रभावी ठरला. शिवाय त्या राज्यात रोगाची पहिली नोंद २००९ मध्ये झाली ती रानातील हरणात, पालन केंद्रात नव्हे. माँटानात बंदीवाद्यांच्या हाती असलेले सर्वांत धारदार शस्त्र येथे बोथट झाले होते.

संवर्धनाचा युक्तिवाद :

बंदीच्या विरोधकांचा सर्वांत वजनदार दाखला टेक्सासमधील आहे. सिमिटार-हॉर्न्ड ओरिक्स हे उत्तर आफ्रिकेतील हरिण २००० मध्ये निसर्गातून नामशेष घोषित झाले. त्या वेळी टेक्सासच्या खाजगी कुरणांत त्याचे मोठे कळप होते. मर्यादित शिकारीच्या उत्पन्नावर ते पोसले जात, हे नाकारता येत नाही. परंतु एल्क दुर्मिळ नाही. रॉकी पर्वतप्रदेशात तो मुबलक आहे. ओरिक्सचा न्याय त्याला लावणे म्हणजे अपवादाला नियमाच्या जागी बसविणे होय.

रोगाच्या बाबतीत मात्र बंदीचे समर्थकही निर्धास्त राहू शकले नाहीत. २०१७ मध्ये माँटानातील मुक्त हरणांत तो प्रथमच आढळला. मालकीच्या प्रश्नालाही त्या राज्यात नवे वळण मिळाले आहे. कुंपण नसलेल्या विस्तीर्ण खाजगी जमिनींवर रानटी एल्कचे कळप हिवाळ्यात उतरतात, आणि जमिनीत प्रवेश देण्यासाठी शुल्क आकारण्यास मालक मोकळा असतो. २००० च्या बंदीचा या शुल्काशी संबंध नाही. ज्या शिकाऱ्यांनी तिच्यासाठी मते मागितली होती, त्यांच्यापैकी अनेकांचा वाद आता या फाटकांपाशी चालू आहे.