सॉल्व्हरला नेमकं काय विचारायचं?

साध्य आणि साधन यांतला भेद आपण तत्त्वज्ञानात नेहमीच पाहतो. आज तो सेजमॅथ या मोफत, मुक्त गणिती सॉफ्टवेअरमध्ये पाहू. विषय आहे लिनिअर प्रोग्रॅमिंग. म्हणजे ठरलेल्या अटी पाळून एखादी गोष्ट कमीत कमी किंवा जास्तीत जास्त करायची.

समजा, डाळ क्ष भाग आणि तांदूळ य भाग घ्यायचे आहेत. पोषणाच्या अटी दोन: २क्ष + य किमान १ हवं, आणि क्ष + २य किमान १ हवं. खर्च आहे क्ष + य, तो कमीत कमी करायचा. सेजमध्ये हे पाच-सहा ओळींत लिहून होतं. आकडेमोड मात्र सेज सॉल्व्हरकडे सोपवतं. जीएलपीके नावाचा सॉल्व्हर खर्च सांगतो ०.६६६६…, तर पीपीएल सांगतो २/३. पहिला दशांशात काम करतो आणि मोठ्या गणितांना उपयोगी पडतो. दुसरा अपूर्णांक अचूक ठेवतो, पण मोठ्या गणितात मंदावतो.

आता गंमत बघा. ‘कमीत कमी’ हे सांगायचं राहिलं, तर सेज ‘जास्तीत जास्त’ असं धरून चालतं. मग आपल्या या गणिताला उत्तरच मिळत नाही, कारण खर्च हवा तेवढा वाढवता येतो! तसंच क्ष आणि य शून्याहून कमी नकोत, हेही आपणच लिहायचं. उणे दोन वाट्या भात कुणी खात नाही, हे यंत्राला कुठून कळणार?

जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये अशी गणितं सोडवण्याची सिम्प्लेक्स पद्धत शोधली. पुढे त्यांनी ती स्वतःच्या आहारावरच वापरून पाहिली. पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून उद्दिष्ट ठेवलं: अन्नाचं वजन, त्यातलं पाणी वजा करून, जास्तीत जास्त व्हावं. उत्तरात आलं ५०० गॅलन व्हिनेगर! तक्त्यात व्हिनेगरमधलं पाणी शून्य धरलेलं होतं. व्हिनेगर काढून टाकल्यावर दिवसाला सूपच्या २०० वड्या आल्या. मग वड्यांवर वरची मर्यादा घालावी लागली.

यंत्राचं गणित दोन्ही वेळा बरोबरच होतं. व्हिनेगरचं उत्तर हास्यास्पद होतं, म्हणून लगेच पकडलं गेलं. खरी काळजी आहे ती पटण्याजोग्या दिसणाऱ्या उत्तरांची. उद्या शाळेतल्या मुलांच्या जेवणाचा सर्वांत स्वस्त बेत सॉल्व्हरनं काढला, आणि चवीची अट कुणी लिहिलीच नाही, तर कागदावर पोषण पुरेपूर दिसेल आणि ताटात अन्न तसंच राहील.

मुक्त सॉफ्टवेअरमुळे सॉल्व्हर आतून तपासता येतो, ही मोठीच सोय आहे. पण साध्य काय असावं, हे त्या कोडमध्ये कुठेही सापडत नाही. म्हणून उत्तर आलं की आपण दोन गोष्टी विचारायच्या: हे उद्दिष्ट कुणी ठरवलं? आणि कोणती अट लिहायची राहिली?