सॉफ्टवेअरचा खर्च आधी सांगायचा कसा?

घर बांधायला काढले की मिस्त्री चौरस फुटाचा दर सांगतो. विटा, रेती, सिमेंट, मजुरी, सगळ्याचे भाव बाजारात ठरलेले असतात. अंदाज चुकतो, पण चारपट सहसा चुकत नाही. मोठ्या सॉफ्टवेअरचे तसे नाही.

अमेरिकेच्या एफबीआय या तपासयंत्रणेचेच पाहा. कागदी फायली जाऊन प्रकरणे संगणकावर यावीत म्हणून २००१ मध्ये तिने कंत्राट दिले. सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये ते काम सोडून द्यावे लागले. २००६ मध्ये ‘सेंटिनेल’ नावाने पुन्हा सुरुवात झाली. अंदाज साडेबेचाळीस कोटींचा, तो पुढे ४५ कोटींवर गेला. ऑगस्ट २०१० पर्यंत त्यातले साडेचाळीस कोटी संपले, आणि चारपैकी दोनच टप्पे हाती आले होते!

अंदाज बांधण्याची शास्त्रे नाहीत असे नव्हे. बॅरी बोएम यांनी १९८१ मध्ये ‘कोकोमो’ हे गणित मांडले. प्रोग्रामच्या ओळी किती, त्यावरून मेहनत किती हे ते सांगते. त्यानुसार गुंतागुंतीच्या कामात ओळी दुप्पट झाल्या तर मेहनत सुमारे २.३ पट होते. पण ओळी किती लागतील हाच मुळात अंदाज! अगदी सुरुवातीला सांगितलेला खर्च प्रत्यक्षात चौपट किंवा पावपट निघू शकतो, हेही बोएम यांनीच दाखवले. उशीर झाला म्हणून माणसे वाढवावीत, तर नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि काम आणखी लांबते. पूर्वी आयबीएममध्ये काम केलेल्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये हे लिहून ठेवले. तरी प्रत्येक साहेबाला ते नव्याने शिकावे लागते.

शेवटी एफबीआयने सेंटिनेलचे काम आपल्या हाती घेतले. छोटा गट बसवला, दर दोन आठवड्यांनी काहीतरी चालू करून दाखवायचे ठरवले. जुलै २०१२ मध्ये प्रणाली वापरात आली.

आपल्याकडे दुकानाचे, कारखान्याचे सॉफ्टवेअर करून देणाऱ्या तरुणांनी म्हणूनच पहिल्याच भेटीत एकरकमी भाव बोलू नये. गरजा समजून घेण्याचे पैसे वेगळे घ्यावेत. मग पहिल्या भागाचा पक्का भाव द्यावा, उरलेल्याचा ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा. गिऱ्हाईक मध्येच नवे काही मागणारच. त्याचा दर आधीच कागदावर लिहून सही घ्यावी.