अनामिक सुगरणीचा ग्रंथ

इ. स. १७४७ मध्ये लंडनात ‘द आर्ट ऑफ कुकरी मेड प्लेन अँड ईझी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यावर लेखिकेचे नाव नसून ‘एका कुलीन स्त्रीने रचिलेला’ एवढाच उल्लेख होता. ही स्त्री म्हणजे हॅना ग्लास. चाकरमाणसांनाही सहज उमजावी अशी साधी भाषा तिने हेतुपुरस्सर योजिली आणि फ्रेंच आचाऱ्यांच्या उधळेपणावर यथेच्छ तोंडसुख घेतले. फ्रेंच धर्तीच्या कृती मात्र ग्रंथात बिनबोभाट आल्या! विशेष मौजेची गोष्ट अशी की, इंग्रजीत छापल्या गेलेल्या ‘करी’च्या अगदी आरंभीच्या कृतींपैकी एक येथे आढळते: कोंबडी किंवा ससा, बारीक चिरलेले कांदे, तीस मिरे, मोठा चमचाभर तांदूळ आणि स्वच्छ फावड्यावर विस्तवाशी भाजून कुटलेले धने. हळदीचा पत्ता नाही. ती पुढील आवृत्त्यांत अवतरली. फावड्याचे नाव ऐकून आपल्याकडील गृहिणी पदर तोंडाला लावील, तरी भाजल्यावाचून धन्यांना वास सुटत नाही हे मर्म या बाईला गवसले होते.

ग्रंथ हातोहात खपला, परंतु १७५४ साली ग्लासचे दिवाळे वाजून त्याचे हक्क लिलावात गेले आणि १७५७ साली कर्जापायी तिला तुरुंगवास घडला. मोलकरणींच्या कामाविषयीची तिची ‘द सर्व्हंट्स डिरेक्टरी’ १७६० साली निघाली. पाकशास्त्रावर उत्तम ग्रंथ लिहिणे स्त्रियांना साधणारे नव्हे, असा त्या काळच्या डॉ. जॉन्सनसारख्या इंग्रज पंडिताचा अभिप्राय. ग्रंथावर नाव नसल्यामुळे ही ‘कुलीन स्त्री’ कोण, याचा निर्णायक उलगडा मात्र झाला तो १९३८ साली.