वेबकॅम चालत नाही? दुकानात नेण्याआधी घरीच हे तपासा



आपल्या मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारीचा बंद ऋतू असतो. जाळी टांगलेली असतात आणि कागदपत्रं, प्रशिक्षण, बैठका अशी राहिलेली कामं निघतात. हल्ली यातली बरीच कामं व्हिडिओवर होतात. प्रशिक्षण व्हिडिओवर, बँकेची ओळख तपासणी व्हिडिओवर. ग्राहक आयोगात विम्याचा दावा लावला असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्हिडिओवर सुनावणी मागायचीही सोय आहे. अर्ज करायचा, कारण पटलं तर आयोग परवानगी देतो.

आता विचार करा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेच्या सामूहिक अपघात विम्यात मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख रुपये मिळतात. एवढ्या रकमेचा प्रश्न आहे, नाव पुकारलं गेलं, आणि इकडे पडदा काळा. समोरच्याला आपला चेहरा दिसत नाही, आवाज जात नाही. पुढची तारीख पडते आणि घर आणखी काही महिने थांबतं. म्हणून हा लेख. वेबकॅमच्या बहुतेक अडचणी पैसे न देता घरीच सुटतात, फक्त क्रमाने बघावं लागतं. जाळ्यात मासोळी टिकत नाही म्हणून आपण लगेच नवीन जाळं आणत नाही, आधी कुठे फाटलंय ते हात फिरवून बघतो. इथेही तसंच करायचं.

वेबकॅम म्हणजे काय

लॅपटॉपच्या पडद्याच्या वर मधोमध जो बारीक काळा ठिपका असतो, तोच वेबकॅम. टेबलावरच्या कॉम्प्युटरला तो वेगळा घ्यावा लागतो आणि यूएसबीच्या वायरने जोडावा लागतो. याची सुरुवात गमतीशीर आहे. १९९१ साली इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठात काही संशोधकांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला. जागेवरून उठून जायच्या आधी भांड्यात कॉफी आहे की संपली, एवढंच त्यांना बघायचं होतं. आज त्याच कल्पनेवर कोर्टाच्या सुनावण्या चालतात.

पायरी १ : आधी डोळ्यांनी बघा

बऱ्याच लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर सरकवायचं बारीक झाकण असतं. ते बंद असेल तर चित्र पूर्ण काळं येतं. नखाने बाजूला सरकवा. कुणी भिंगावर चिकटपट्टी किंवा टिकली लावली असेल तर तीही काढा.

काही लॅपटॉपमध्ये कीबोर्डच्या सगळ्यात वरच्या ओळीत एका बटणावर कॅमेऱ्याचं चित्र असतं, त्यावर काट मारलेली असते. ते बटण चुकून दाबलं की कॅमेरा बंद होतो. पुन्हा एकदा दाबून बघा. नुसतं दाबून होत नसेल तर डाव्या कोपऱ्यातलं एफएन बटण धरून दाबा. काही लॅपटॉपला कडेलाही छोटा खटका असतो, तोही बघा.

वेगळा वेबकॅम असेल तर वायर काढा, दुसऱ्या यूएसबी खाचेत लावा. टेबलावरच्या कॉम्प्युटरला शक्यतो मागच्या बाजूच्या खाचेत लावा. एका खाचेतून चार खाचा करणारा डबा मध्ये असेल तर तो काढून थेट जोडा. पेन ड्राइव्ह, प्रिंटर आणि कॅमेरा एकाच डब्यावर असले की कॅमेरा अडखळतो. तरी नाही झालं तर तोच वेबकॅम शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरला लावून बघा. तिथे चालला तर कॅमेरा चांगला आहे, गडबड आपल्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये आहे. तिथेही नाही चालला तर वायर किंवा कॅमेराच गेला असं समजा.

पायरी २ : बैठकीच्या ॲपमध्ये नको, कॅमेरा ॲपमध्ये तपासा

झूम किंवा गूगल मीटमध्ये चेहरा दिसत नाही म्हणून लोक तिथेच खटपट करत बसतात. आधी ते बंद करा. स्टार्ट बटण दाबून कॅमेरा असं टाइप करा आणि विंडोजचं स्वतःचं कॅमेरा ॲप उघडा.

तिथे तुमचा चेहरा दिसला तर कॅमेरा ठीक आहे आणि अडचण झूमच्या किंवा ब्राउझरच्या परवानगीत आहे. थेट पायरी ५ वर जा. तिथेही दिसला नाही तर पुढची पायरी.

पडद्यावर चुकीचा कोड आला तर त्याचे शेवटचे चार आकडे बघा. ४२४४ असेल तर कॉम्प्युटरला कॅमेरा सापडतच नाही. ४२४३ असेल तर कॅमेरा दुसऱ्या कुठल्या तरी ॲपने धरून ठेवलाय.

पायरी ३ : कॅमेरा दुसऱ्याने धरलाय का

साधारणपणे एका वेळी एकच ॲप कॅमेरा वापरू शकतं. सकाळी पोराने क्लाससाठी झूम लावलं, नुसतं खाली करून ठेवलं, आणि दुपारी तुम्ही मीट उघडलं, तर कॅमेरा मिळणार नाही. सगळे व्हिडिओचे ॲप आणि ब्राउझर पूर्ण बंद करा. नेमकं काय चालू आहे ते कळत नसेल तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. लॅपटॉपचं झाकण मिटून पुन्हा उघडणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. स्टार्टमध्ये जाऊन रीस्टार्टच निवडा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

पायरी ४ : परवानगी आणि ड्रायव्हर

विंडोज ११ असेल तर सेटिंग्ज उघडा, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग कॅमेरा. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी, कॅमेरा. इथे तीन गोष्टी बघायच्या.

• सगळ्यात वरचं बटण चालू हवं. ते पूर्ण कॉम्प्युटरसाठी असतं.
• दुसरं बटण ॲपना कॅमेरा वापरू द्यायचा की नाही, याचं. तेही चालू.
• खाली डेस्कटॉप ॲप असं लिहिलेलं तिसरं बटण असतं. लोक नेमकं हेच विसरतात. क्रोम आणि झूम याच प्रकारात येतात. हे बंद असेल तर कॅमेरा ॲपमध्ये चेहरा दिसतो, पण झूममध्ये काळं.

परवानग्या ठीक असूनही कॅमेरा सापडत नसेल तर ड्रायव्हर बघा. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि कॅमेरा यांच्यामधला दुभाषी. स्टार्ट बटणावर माउसचं उजवं बटण दाबा, डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि त्यात कॅमेराज शोधा.

• कॅमेऱ्याच्या नावावर खाली जाणारा बाण असेल तर तो बंद केलेला आहे. उजवं बटण दाबून इनेबल करा.
• पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हर बिघडलाय. उजवं बटण दाबून अनइन्स्टॉल डिव्हाइस करा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. विंडोज बहुतेक वेळा स्वतःच ड्रायव्हर परत बसवतं.
• विंडोज अपडेट झाल्यापासून कॅमेरा बंद पडला असेल तर उजवं बटण, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, आणि तिथे रोल बॅक ड्रायव्हर असेल तर ते दाबा. जुना ड्रायव्हर परत येतो.

हल्लीच्या बहुतेक यूएसबी वेबकॅमला वेगळी सीडी किंवा सॉफ्टवेअर लागत नाही, जोडला की चालतो. त्यामुळे इंटरनेटवर "ड्रायव्हर डाउनलोड करा" अशा जाहिराती दिसतात, त्यांवर क्लिक करू नका. लागलाच तर लॅपटॉप किंवा कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्या.

पायरी ५ : ब्राउझर आणि बैठकीचं ॲप

मीट क्रोममध्ये उघडलं की पहिल्यांदा कॅमेरा आणि माइक वापरू का, असं विचारतं. घाईत "ब्लॉक" दाबलं की पुढे ते विचारतच नाही. अशा वेळी वर पत्ता लिहायच्या जागेच्या डाव्या बाजूला छोटं चिन्ह असतं ते दाबा, कॅमेरा आणि माइक दोन्ही चालू करा आणि पान पुन्हा लोड करा.

लॅपटॉपचा एक आणि यूएसबीचा एक असे दोन कॅमेरे असतील तर ॲप चुकीचा कॅमेरा धरतं. मीट किंवा झूमच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ उघडून योग्य कॅमेरा निवडा. माइकचंही तसंच. कॅमेऱ्याची परवानगी दिली म्हणजे माइकची मिळाली असं नाही, ती वेगळी द्यावी लागते.

चित्र येतं पण खराब येतं

चेहरा काळा दिसतो : मागे खिडकी किंवा उघडं दार आहे. उलटं बसा, उजेड तोंडावर आला पाहिजे.

चित्र धुरकट आहे : भिंगावर तेलकट बोट लागलंय. मऊ सुती कापडाने हलकं पुसा. पाणी मारू नका.

चित्रात पट्टे हलतात : ट्यूबलाइटचा हा परिणाम. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फ्लिकर असं असेल तिथे ५० निवडा, ६० असेल तर पट्टे दिसतात.

चित्र अडकतं : हा कॅमेऱ्याचा नाही, नेटचा दोष. मोबाईलचा हॉटस्पॉट असेल तर मोबाईल खिडकीजवळ ठेवा. घरातल्या बाकीच्यांना तेवढा वेळ व्हिडिओ बघणं थांबवायला सांगा. तरी अडकलं तर विचारून थोडा वेळ कॅमेरा बंद करा, म्हणजे निदान आवाज तरी नीट जाईल.

आवाज घुमतो : एकाच खोलीत दोन मोबाईल किंवा लॅपटॉप त्याच बैठकीत आहेत. एकाचा स्पीकर आणि माइक बंद करा.

हयातीचा दाखला : इथे वेबकॅम नाही, मोबाईल लागतो

यात बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. निवृत्तिवेतनासाठी जीवन प्रमाण नावाचा डिजिटल हयातीचा दाखला २०१४ पासून निघतो. तो बोटांच्या ठशावर काढता येतो, पण वर्षानुवर्षं ओलं जाळं आणि दोर ओढून आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोटांवर रेषाच राहत नाहीत. मशीन ठसा घेत नाही. २०२१ पासून यासाठी चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय झाली आहे. ती अँड्रॉइड मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चालते. आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण असे दोन ॲप लागतात. एकाच मोबाईलवर घरातल्या दोन-तीन जणांचे दाखले निघतात, प्रत्येकाला वेगळा मोबाईल नको. आजीला उजेडाकडे तोंड करून बसवा, मागे साधी भिंत ठेवा, चष्मा काढा आणि सांगितलं की डोळ्यांची उघडझाप करायला लावा.

सगळ्यात महत्त्वाचं : कॅमेरा कुणासमोर चालू करताय

कॅमेरा चालू करणं शिकलो की बंद कधी ठेवायचा तेही शिकलं पाहिजे. पोलीस, सीबीआय किंवा कस्टमचा गणवेश घातलेला माणूस व्हिडिओ कॉल करतो. तुमच्या नावाने पार्सल सापडलं, आधार गुन्ह्यात वापरलं गेलं, असं सांगतो. कॅमेऱ्यासमोरून उठू नका, घरात कुणाला सांगू नका, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, म्हणतो आणि शेवटी पैसे मागतो. मंडळी, डिजिटल अटक नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाहीच. कुठलेही पोलीस व्हिडिओवर अटक करत नाहीत. असा फोन आला की कापा आणि घरच्यांना सांगा. पैसे गेले असतील तर एक मिनिटही न थांबता १९३० वर फोन लावा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.

तसंच "कॅमेरा दुरुस्त करून देतो, हे ॲप टाका आणि त्यातला नंबर सांगा" असं फोनवर कुणी म्हणालं तर ऐकू नका. त्या नंबरावरून तुमचा पूर्ण कॉम्प्युटर त्याच्या हातात जातो, बँकेच्या पासवर्डसकट. काम नसताना कॅमेऱ्याच्या बाजूचा दिवा लागलेला दिसला तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्जच्या त्याच कॅमेरा पानावर अलीकडे कुठल्या ॲपने कॅमेरा वापरला ते बघा. काम झालं की झाकण सरकवून बंद ठेवा.

सुनावणी किंवा बैठकीच्या आदल्या दिवशी

१. लॅपटॉप पूर्ण चार्ज करा, वीज जाते हे आपल्याला ठाऊक आहे.
२. कॅमेरा ॲप उघडून चेहरा बघा.
३. रावेर, भुसावळ, सुरत, जिथे कुठे नातेवाईक असतील त्यांना मीटवर दोन मिनिटं बोलावून आवाज जातो का ते विचारा.
४. आधार, पासबुक, विम्याचा कागद हाताशी ठेवा.
५. दुसरा मोबाईल चार्ज करून, त्यात तेच ॲप टाकून बाजूला ठेवा. ऐन वेळी लॅपटॉप अडला तर त्याच लिंकवर मोबाईलवरून जाता येतं.

हे सगळं करूनही जमलं नाही तर लॅपटॉप आणि चार्जर घेऊन संस्थेच्या कार्यालयात या, पण तारखेच्या दोन दिवस आधी या. सुनावणी अकराची आणि माणूस पावणेअकराला दारात, असं करू नका. तुमच्याकडे काही वेगळी अडचण आली असेल तर खाली लिहा, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

आपला,
सचिव