श्यामची आई आपल्या मध्य प्रदेशची

‘श्यामची आई’ चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एकदा तरी पाहिला गेला असेल. कोकणातल्या गरीब घरातली ती आई साकारणाऱ्या अभिनेत्री वनमाला मात्र कोकणातल्या नव्हत्या, महाराष्ट्रातल्याही नव्हत्या. त्यांचा जन्म १९१५ मध्ये उज्जैनला झाला आणि शिक्षण ग्वाल्हेरला. म्हणजे त्या आपल्याच मध्य प्रदेशच्या.

त्यांचे मूळ नाव सुशीला पवार. वडील बापूराव पवार शिंदे सरकारच्या संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते. घर मराठ्यांचे, शिस्तीचे आणि प्रतिष्ठेचे. अशा घरातली मुलगी बी.ए. झाली, हेच त्या काळात मोठे होते. पुढे पुण्यात शिक्षिका म्हणून काम करत असताना आचार्य अत्र्यांसारख्या मंडळींशी ओळख झाली आणि १९४० मध्ये ‘लपंडाव’ या मराठी चित्रपटातून त्या पडद्यावर आल्या.

वडिलांना हे मुळीच मान्य नव्हते. चांगल्या घरच्या मुलीने सिनेमात जाणे तेव्हा कुळाला कमीपणा आणणारे समजले जाई. दुर्गा खोटे यांनी ती वाट आधीच मोकळी केली होती, तरी प्रत्येक मुलीला आपल्या घरातली लढाई स्वतःच लढावी लागे. वनमालाबाईंनीही ती लढली.

१९४१ मध्ये सोहराब मोदींचा ‘सिकंदर’ आला. सिकंदराच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर आणि त्यांच्यासमोर इराणी रुखसाना म्हणून वनमाला. पंडित सुदर्शन यांचे भारदस्त संवाद होते. त्याच वर्षी अत्र्यांच्या ‘पायाची दासी’मध्ये त्या मराठी घरातली सोशीक सून झाल्या, आणि सासू होत्या दुर्गा खोटे. १९४२ मध्ये ‘वसंतसेना’, १९४४ मध्ये शांतारामबापूंचा ‘परबत पे अपना डेरा’. हिंदी आणि मराठी, दोन्ही पडद्यांवर त्या सहज वावरल्या. घरात मराठी आणि बाहेर हिंदी, अशा वातावरणात वाढलेल्या आपल्या मुलांना यातले मर्म लगेच कळेल.

मग आला १९५३ चा ‘श्यामची आई’. साने गुरुजींचे पुस्तक, दिग्दर्शन अत्र्यांचे, आणि लहान श्याम झाला माधव वझे. वनमालाबाई तेव्हा ३८ वर्षांच्या होत्या. देखणी नायिका म्हणून नाव झाल्यावर जुन्या लुगड्यातली, कष्टाने खंगलेली आई करायला त्या तयार झाल्या. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला मारून पाण्यावर पाठवणारी आणि मग त्याच हाताने त्याला जवळ घेणारी ही आई प्रेक्षकांना आपलीच वाटली. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळाले. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला त्या वर्षी गुणवत्ता प्रमाणपत्र मिळाले होते.

पुढे वनमालाबाईंनी चित्रपटसृष्टी सोडली. काही काळ त्या वृंदावनात राहिल्या. अखेरची वर्षे ग्वाल्हेरला गेली आणि तिथेच २००७ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आपल्या बालाघाटची गोष्ट ग्वाल्हेरपेक्षा वेगळी आहे. तिथे शिंदे, इकडे नागपूरकर भोसले. १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूरच होती आणि गोंदिया आजही हाकेच्या अंतरावर आहे. तरीही “आमची मराठी काही पुण्यासारखी नाही” म्हणत आपली तरुण मुले चारचौघांत मराठी बोलायला संकोचतात. आजीने मराठीत विचारले की नातवाचे उत्तर हिंदीत येते. या मुलांना सांगावेसे वाटते की ज्या आईला साऱ्या महाराष्ट्राने आपली मानले, ती माळव्यात जन्मली आणि ग्वाल्हेरला शिकली. भाषा पुण्या-मुंबईत राहिल्याने येत नाही, घरात बोलल्याने टिकते.

या सुट्टीत ‘श्यामची आई’ आजी-आजोबांसोबत जरूर पाहा. एखादा शब्द अडला तर थांबवा आणि त्यांनाच विचारा. उत्तराबरोबर त्यांच्या लहानपणीची एखादी आठवणही हमखास ऐकायला मिळेल.