दात झिजवणारं गवत

बैल विकत घेताना खान्देशातला शेतकरी आधी त्याच्या तोंडात बघतो. आदत आहे, दोनदाती आहे की जुळलाय, म्हणजे दातांवरून वय काय, हे पाहिल्याशिवाय सौदा पुढे सरकत नाही. पण मुलांच्या हट्टापायी भडगावच्या एखाद्या घरात ससा येतो, तेव्हा त्याचा रंग, कान आणि डोळे तेवढे बघितले जातात. तोंड कुणी बघत नाही. ज्याचा जीव दातांवर इतका टांगलेला असतो, असं दुसरं जनावर मात्र आपल्या घरात सहसा येत नाही.

बैलाचे दात एकदा जुळले की पुढे झिजतच जातात. सशाचे मरेपर्यंत वाढत राहतात. त्याला एकूण 28 दात. पुढचे सहा, त्यातले चार वर आणि दोन खाली. वरच्या दोन मोठ्या दातांमागे दोन बारीक दात लपलेले असतात. याच जास्तीच्या जोडीमुळे ससा उंदीर-खारींच्या गणात बसत नाही, आणि 1912 साली जेम्स गिडली या अमेरिकी अभ्यासकाने सशांचा गण वेगळा मांडला. पुढचे दात आठवड्याला साधारण 2 मिलीमीटर, म्हणजे वर्षाला दहाएक सेंटीमीटर वाढतात. आतल्या 22 दाढाही वाढतात. त्या आपल्याला दिसत नाहीत, आणि बहुतेक दुखणं तिथेच सुरू होतं.

गवताची काडी तोंडात गेली की सशाचा खालचा जबडा आडवा फिरू लागतो, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा. गवतात वाळूसारखे सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. त्यांनी दाढा दाढांवर घासल्या जातात आणि वाढ नि झीज बरोबरीने चालते. भाकरीचा तुकडा, हरभरे, बिस्कीट यांना हे घासणं लागतच नाही. वरखाली दोनदा चावलं की काम झालं. सशाचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे न झिजलेल्या खालच्या दाढांना जिभेकडे आणि वरच्यांना गालाकडे धारदार टोकं फुटतात. भुकेला ससा वाटीपाशी येतो, वास घेतो, एखादं पान उचलतो आणि टाकून देतो. आपण म्हणतो, नखरे करतोय. त्याची जीभ कापली जात असते.

फ्रान्सिस हार्कोर्ट-ब्राउन या ब्रिटिश पशुवैद्य बाईंनी 1996 मध्ये याला आणखी एक बाजू दाखवली. दाणे आणि गोळ्यांचं मिश्र खाद्य दिलं की ससा आवडते दाणे निवडून खातो आणि कॅल्शियम असलेल्या गोळ्या तशाच ठेवतो. मग जबड्याचं हाड ठिसूळ होतं आणि दाढा वाकड्या होतात, अशी त्यांची मांडणी होती. आखूड तोंडाच्या जातींत जन्मतःच दात जुळत नाहीत, हेही एक कारण असतं. पण खाणं तेवढं आपल्या हातात आहे.

आणि सशाला हवं ते गवत भडगावात मिळणं अवघड नाही. गिरणाकाठी आणि शेतांच्या बांधांवर पावसाळ्यानंतर हरळी असते, मारवेल असतो. फवारणी न झालेल्या जागेवरचं हे गवत कापून, नीट वाळवून ठेवावं; बुरशीचा वास आला तर सरळ फेकावं. दोन किलोच्या सशाला दिवसाला शंभरेक ग्रॅम वाळलं गवत धरलं, तर वर्षाचं पस्तीसेक किलो होतं. एवढं पोत्यांत भरून माळ्यावर मावतं. गवत लांबच द्यावं, यंत्रावरची बारीक कुट्टी नको. सोबत मूठभर कोथिंबीर, मेथी, मुळ्याचा पाला, आणि पाणी कायम. लसूणघास सहाएक महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला चांगला; मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं आणि लघवीत खडे धरतात. गाजर आणि आपल्याकडची केळी म्हणजे साखर; क्वचित एखादी चकती पुरे.

काही गोष्टी मात्र दारातसुद्धा येऊ देऊ नयेत. गाजरगवताची पानं गाजराच्या पाल्यासारखी दिसतात, त्यामुळे मुलांना ते आधी ओळखायला शिकवा. कोवळ्या ज्वारीने गुरांना किराळ, म्हणजे विषबाधा, लागते हे इथल्या माणसाला सांगायला नको. सशालाही ती नको. सरकी आणि कपाशीचा पाला तर नकोच. नवा ससा आधी जे खात होता तेच थोडे दिवस चालू ठेवून आठ-दहा दिवसांत हळूहळू गवतावर आणावा, कारण एकदम बदल त्याच्या आतड्याला झेपत नाही. जाता जाता एक सांगतो: शेतात सापडलेलं रानसशाचं पिल्लू घरी आणू नका. तो वेगळा प्राणी आहे आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

ससा दुखणं लपवतो, म्हणून बघणाऱ्याची नजर हवी. हनुवटी ओली राहते. डोळ्यांतून पाणी येतं, कारण अश्रूंची नळी दातांच्या मुळांजवळून जाते. लेंड्या लहान आणि कमी होतात, जबड्याला गाठ येते. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवलं, तर या सगळ्याच्या आधीच घट कळते. मे महिन्यात पारा 44-45 ला गेला की ससा उष्म्यानेही खाणं सोडतो, तेव्हा ओलं गोणपाट आणि सावली हवीच.

बारा तास ससा काहीच खात नसेल किंवा लेंडी टाकत नसेल, तर सकाळची वाट बघायची नाही. आतडं थांबलेलं असतं आणि त्याला उलटी करता येत नाही. वाढलेले दात घरच्या नेलकटरने कापू नका. दात मुळापर्यंत उभा चिरतो. मेडिकलमधून आणलेली माणसाची ॲमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिली, तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून ससा दगावू शकतो. दाढा नीट तपासायला भूल द्यावी लागते, म्हणून ससे हाताळलेला पशुवैद्य कोण आणि कुठे आहे हे ससा घरी आणतानाच विचारून ठेवा. भुलीआधी कुत्र्या-मांजराला उपाशी ठेवतात, तसं सशाला ठेवायचं नाही. दवाखान्यात नेताना पिशवीत गवत घ्या. मुळं एकदा वाकडी झाली की दाढा घासण्याचं काम दर काही आठवड्यांनी, त्याच्या आयुष्यभर करत राहावं लागतं.